झाकलेला बांध, उघडा गाळ

इंग्लंडमधल्या जुन्या बागांमधली तळी गाळाने भरत चालली आहेत. अठराव्या शतकात उमरावांनी आणि सावकारांनी हौसेने करवून घेतलेली ही तळी. मध्ये एखादं बेट, काठाला रोमन धाटणीचं छोटं देऊळ, समोरच्या उतारावर चरणारी मेंढरं. आज त्यांतली काही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, काही स्थानिक कौन्सिलांकडे किंवा विश्वस्त संस्थांकडे, आणि कित्येक अजूनही खासगी मालकीची आहेत. गाळ उपसायचा, बांध पक्का करायचा, सांडवा रुंद करायचा म्हटलं की मोठ्या तळ्यामागे लाखो पौंडांचा हिशेब निघतो. तो कुणी भरायचा? सरकारी इस्पितळांत उपचारांसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, फूड बँकेच्या दारात माणसं उभी असतात, आणि अशा देशात कुणा उमरावाच्या शोभेच्या पाण्यावर लोकांचा पैसा का घालायचा? हा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘वारसा’ या एका शब्दात उत्तर देऊन चालणार नाही.

माझं मत असं, की पैसा घालावा, पण अट घालून. या बागांचं सगळं सौंदर्य काही गोष्टी नजरेआड ठेवण्यावर उभं होतं. बांध नजरेआड, मजूर नजरेआड, उठवलेलं गाव नजरेआड, पैसा कुठून आला तेही नजरेआड. या पाण्याला आज सार्वजनिक तिजोरीतून आधार द्यायचा असेल, तर जे झाकलं ते उघडं केलं पाहिजे. आणि पैशाचा पहिला वाटा बागेच्या कुंपणाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला पाहिजे, कारण तळं मरतंय ते तिथून.

आधी त्या झाकण्यातली कारागिरी पाहू. ती खरोखर थोर आहे. बागा आखणारा लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३), ज्याला लोक ‘केपेबिलिटी’ ब्राउन म्हणून ओळखतात, त्याने पावणेदोनशेच्या आसपास ठिकाणी काम केलं असं मानतात. त्याच्या हाती बहुतेक वेळा एखादा किरकोळ ओढाच असायचा. दरीच्या चिंचोळ्या जागी तो मातीचा बांध घालायचा. बांधाच्या पोटात ओली चिकणमाती थरावर थर चोपून भरायची, म्हणजे पाणी पाझरून जात नाही. आपल्याकडच्या मातीच्या धरणात काळ्या मातीचा गाभा भरतात, तत्त्व तेच. खरी करामत त्यापुढची. तळ्याला असा बाक द्यायचा की घराच्या खिडकीतून त्याचं एकही टोक दिसू नये. बांधाच्या माथ्यावर झाडी लावायची, शेवट एखाद्या पुलामागे किंवा वळणामागे दडवायचा. बघणाऱ्याला वाटावं, समोरून एक भरलेली नदी सावकाश वाहतेय आणि पुढे कुठेतरी रानात शिरतेय. वूस्टरशरमधल्या क्रूम इथे १७५१पासून त्याने पाणथळ जमीन कोरडी करून पावणेदोन मैल लांबीची ‘नदी’ काढली. ती सगळी माणसांनी कुदळ-फावड्याने खणलेली आहे.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना हे जवळून पाहायचं असेल तर हॅम्पस्टेड हीथच्या उत्तरेला केनवुड हाउस आहे. घरासमोरच्या उतारावरून खाली पाहिलं की तळ्याच्या टोकाला एक पांढरा पूल दिसतो, कठडे आणि कमानींसह. खाली उतरून जवळ गेलात की कळतं, तो पूल नाहीच. रंगवलेल्या लाकडाचा एक पडदा आहे, त्याच्यावरून कुणी कुठे जात नाही. तळं तिथे संपतं ही गोष्ट डोळ्यांना कळू नये एवढ्यासाठी तो उभा केलेला आहे. मला तो पूल मनापासून आवडतो. इतक्या थोड्या खर्चात तळ्याची नदी करून दाखवणं हे कलावंताचंच काम आहे. पण हीच युक्ती पाण्यापुरती न राहता माणसांवर वापरली जाते, तेव्हा तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबी नावाच्या जुन्या मठाशेजारी मिडलटन हे बाजाराचं गाव होतं. शाळा, खाणावळी, बिअरची भट्टी, सगळं नांदतं. लॉर्ड मिल्टनने ही जागा १७५२मध्ये घेतली आणि त्याला आपल्या खिडकीसमोर गाव नकोसं झालं. घरांचे भाडेपट्टे एकेक करून मोकळे करून घेत त्याने पुढची काही दशकं गाव पाडत नेलं. जुन्या जागी हिरवळ आली, खालच्या अंगाला तळं आलं. लोकांसाठी थोड्या अंतरावर, घरातून दिसणार नाही अशा खोऱ्यात, एकसारख्या शाकारलेल्या घरांच्या दोन रांगा १७८०च्या सुमारास उभ्या राहिल्या. तेच आजचं मिल्टन ॲबस. विल्यम हॅरिसन नावाचा एक वकील जागा सोडेना, तेव्हा पाण्याची मोरी उघडून त्याचं घर भिजवलं गेलं आणि हॅरिसनने कोर्टात जाऊन दावा जिंकला, अशी हकीकत तिथे सांगतात. आज पर्यटक त्या दोन रांगांचे फोटो काढतात, कारण त्या फार देखण्या आहेत. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला मात्र तिथे उभं राहिल्यावर त्या रांगांकडे नुसतं देखणं म्हणून बघता येणार नाही. आपल्याकडच्या पुनर्वसित गावठाणांचं सरळ रेषेतलं, एका मापाचं रूप त्याला चटकन ओळखू येईल. फरक एवढाच, की आपल्याकडे निदान शेताला पाणी मिळेल असं सांगून गावं उठवली. मिडलटन उठलं ते खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी.

पैशाचंही तसंच. लीड्सजवळच्या हेअरवुडचं तळं ब्राउनच्या हातचं. त्यामागचा पैसा लॅसेल्स घराण्याचा, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमांवर उभा राहिलेला. सरे परगण्यातलं क्लेअरमाँट रॉबर्ट क्लाइव्हने १७६८-६९मध्ये विकत घेतलं आणि घर व परिसर नव्याने करायला ब्राउनला बोलावलं. बंगालच्या लुटीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणातल्या वाचकांनी त्यात एक जोड द्यावी. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजी आरमाराने आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा फौजेचा प्रमुख हाच क्लाइव्ह होता आणि किल्ल्यात सापडलेल्या खजिन्यातला वाटा त्यालाही मिळाला होता. पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने असूनही इंग्रजांनी ती लूट आपसांत वाटून घेतली. क्लेअरमाँटच्या तळ्याकाठी बसलेल्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे. माझी ही मागणी सूडाची नाही. ज्याचा खर्च सगळ्यांनी उचलायचा त्याची हकीकतही पूर्ण सांगावी, एवढंच. नॅशनल ट्रस्टने २०२०मध्ये आपल्या वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. सभासदत्व सोडण्याच्या धमक्या आल्या, काही खासदार रागावले. मला तो अहवाल संस्थेने केलेल्या चांगल्या कामांपैकी एक वाटतो.

‘श्रीमंताची हौस, श्रीमंताने निस्तरावी’ हा आक्षेप इथे पुन्हा येतो, आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. मालक खासगी, दरवाजा बंद, आणि अनुदान मात्र सार्वजनिक, हे अजिबात चालू नये. लॉटरीच्या तिकिटांतून गोळा होणारा निधी वारशाच्या कामांना १९९४पासून मिळतो आणि ती तिकिटं मोठ्या घरांतली माणसं घेत नाहीत. जिथे हा पैसा लागला तिथे वर्षातून ठरावीक दिवस तरी विनातिकीट प्रवेश हवा, आसपासच्या वस्त्यांतल्या शाळांची मुलं यायला हवीत, बसची सोय हवी. मोटार असल्याशिवाय यांतल्या कित्येक बागांपर्यंत पोचताच येत नाही, ही मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र इतिहासाला धरून नाही. ही तळी एकदा श्रीमंतांची झाली म्हणून कायम त्यांचीच राहिली, असं घडलेलं नाही. हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन घ्या. राणी कॅरोलाइनच्या हौसेसाठी १७३०-३१मध्ये वेस्टबोर्न ओढ्यावर बांध घालून ते केलं. पुढे ओढ्यात शहराची घाण येऊ लागली, तेव्हा १८३४मध्ये तो तळ्यापासून तोडावा लागला. आणि १९३०मध्ये मजूर पक्षाचे जॉर्ज लान्सबरी मंत्री असताना तिथे सर्वसामान्यांसाठी पोहण्याची जागा उघडली. राणीच्या तळ्यात लंडनच्या कामकरी वस्त्यांतली मुलं उतरली. सरे परगण्यातल्याच पेन्सहिल या बागेची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. चार्ल्स हॅमिल्टनने १७३८पासून तिथे बाग वसवली. तळं मोल नदीच्या पातळीहून वर, म्हणून पाणचक्कीने नदीचं पाणी उचलून तळ्यात सोडलं. कर्जापायी त्याला १७७३मध्ये ती विकावी लागली. विसाव्या शतकात बाग मोडकळीला आली, रान माजलं. १९८०मध्ये एल्मब्रिज या स्थानिक कौन्सिलने ती जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी विश्वस्त संस्था नेमून काम सुरू केलं. निवडून आलेल्या नगरसेवकांनी आपल्या मतदारांचा पैसा एका पडीक शोभेच्या बागेत घातला आणि आज ती लोकांची आहे. ज्यांना हा खर्च उधळपट्टी वाटतो त्यांनी तिथे एकदा जाऊन यावं.

नद्या मोकळ्या करा म्हणणाऱ्यांचा आक्षेप याहून जड आहे. वाहत्या ओढ्यावरचा बांध म्हणजे ट्राउट आणि ईल माशांची वाट अडवणं. थांबलेलं पाणी उन्हाळ्यात तापतं, शेतातून आलेल्या खतामुळे त्यावर निळं-हिरवं शेवाळ धरतं आणि ते विषारी असू शकतं. युरोपभर जुने बांध काढण्याची चळवळ चालू आहे आणि ती योग्य आहे. म्हणून प्रत्येक शोभेचं तळं राखलंच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी दुसऱ्याचं बघून केलेलं, कुंपणाआड बंद असलेलं, चांगल्या ट्राउटच्या ओढ्यावरचं तळं खुशाल मोडावं. पण स्टोअरहेड, स्टो, ब्लेनम, स्टडली रॉयल ही इंग्रजी बागकलेची मूळ कामं आहेत. युरोपात पुढे ‘इंग्रजी बाग’ म्हणून जे पसरलं ते अशाच ठिकाणांहून. इथे बाजूने वळण-ओढा काढून माशांना वाट देता येते, मोरीतून तळाचं थंड पाणी सोडता येतं. आणि अडीचशे-तीनशे वर्षांत या पाण्यानेही आपलं गणगोत जमवलं आहे. वटवाघळं रात्री त्याच्या पृष्ठभागावरून किडे टिपतात, काठाच्या लव्हाळ्यांत पाखरं घरटी करतात. ब्लेनमची तळी तर निसर्गाच्या दृष्टीनेही संरक्षित आहेत.

शिवाय सगळीकडे एकरांनी पाणी लागतं असंही नाही. ऑक्सफर्डशरमधल्या राउशमला विल्यम केंटने १७३८–४१मध्ये काम केलं. तिथल्या झाडीतून दगडात कोरलेली एक पन्हळ नागमोडी जाते, जेमतेम हातभर रुंद. झाडांच्या काळोखात ती अचानक एका अष्टकोनी कुंडात उतरते आणि दुसऱ्या बाजूने निघून पुढे सरकते. पाणी किती, तर घोटा बुडेल न बुडेल. मी पाहिलेल्या शोभेच्या पाण्यांत हे मला सर्वांत सुंदर वाटतं. दुष्काळी उन्हाळ्यांची संख्या वाढत असताना, पाण्याच्या मोठ्या प्रदर्शनांपेक्षा अशा कामांकडे जाणकारांनी जास्त लक्ष द्यावं.

आता गाळाकडे येतो, कारण वाद सगळा त्यातच अडकला आहे. यॉर्कशरमधल्या रिपनजवळ स्टडली रॉयल आहे. जॉन आयलबी हा ब्रिटनचा अर्थमंत्री होता. साउथ सी कंपनीच्या शेअरांच्या सट्ट्याचा फुगा १७२०मध्ये फुटला, त्यात त्याचे हात बरबटलेले निघाले. १७२१मध्ये पार्लमेंटने त्याला हाकललं आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत ठेवलं. सुटल्यावर तो गावी परतला आणि मरेपर्यंत, म्हणजे १७४२पर्यंत, स्केल नदीच्या दरीत पाण्याची बाग करत राहिला. ब्राउनच्या आधीची ही बाग, त्यामुळे इथे पाण्याला भूमितीचा आकार आहे. मध्ये एक गोल कुंड, दोन बाजूंना दोन चंद्रकोरी, गोलाच्या मधोमध नेपच्यूनचा शिशाचा पुतळा, आणि मागे गवताच्या पायऱ्यांवर खांबांचं देऊळ. पुढे नदीचा सरळ कालवा दोन छोट्या मासेमारीच्या मंडपांमधून खाली कोसळतो आणि हरणांच्या कुरणातल्या तळ्यात शिरतो. त्याच्या मुलाने १७६७च्या सुमारास शेजारच्या फाउंटन्स ॲबीचे अवशेष विकत घेतले आणि ११३२मध्ये स्थापन झालेला तो मठ बागेच्या देखाव्यात सामील झाला. १९६६मध्ये वेस्ट रायडिंगच्या कौन्सिलने हे सगळं खरेदी केलं, १९८३पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि १९८६पासून जागतिक वारसा यादीत.

वरच्या मूरवर, म्हणजे उंचावरच्या ओसाड माळावर, जोराचा पाऊस झाला की स्केल दुधाच्या चहासारखी होते. ते पाणी बागेत आलं की मंदावतं, आणि मंदावलं की माती खाली बसते. आयलबीने नदीला इथे थांबायला लावलं, आणि नदीने आपलं ओझं इथे उतरवलं. २००७च्या पुरात बागेचं आणि मठाचंही नुकसान झालं, खाली रिपन शहरातही पाणी शिरलं. गाळ काढायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा काढायचा. असं किती पिढ्या करणार?

महाराष्ट्रात पाणलोटाचं काम केलेल्या कुणालाही याचं उत्तर माहीत आहे: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर काम करायचं, मग उतारावर, आणि शेवटी बंधाऱ्यावर. आपल्याकडे २०१७पासून गाळमुक्त धरणाची योजना आहे. त्यात शेतकरी गाळ शेतात नेतात, आणि ते चांगलंच आहे. पण वरच्या डोंगरावर चर आणि झाडोरा नसेल तर पाच-सात पावसाळ्यांत तोच गाळ परत येतो, हे आपल्या गावागावांनी पाहिलं आहे. यॉर्कशरची माती आणि पाऊस वेगळा, पण पाण्याची चाल तीच.

स्टडलीत हे आता उमगलं आहे, आणि म्हणूनच मी त्याचं उदाहरण एवढं लांबवतोय. स्केल खोऱ्याच्या प्रकल्पात नॅशनल ट्रस्टने बागेच्या वरच्या भागातल्या शेतकऱ्यांना सोबत घेतलं. शेतात छोटी तळी, बांधाला कुंपणझुडपं, नदीकाठी झाडं, ओढ्यात पाणी अडखळेल असे लाकडाचे ओंडके, असं काम. गुरं थेट नदीत उतरून काठ तुडवणार नाहीत अशी व्यवस्था. त्यातलं एकही काम बागेच्या तिकिटावर दिसत नाही, कुणी त्याचा फोटो काढत नाही. पण बाग वाचली तर त्यानेच वाचेल. आणि त्याचा पहिला लाभ खाली रिपनमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांना होतो. सार्वजनिक पैशाचं याहून चांगलं समर्थन मला माहीत नाही. शोभेच्या कुंडासाठी दिलेला पौंड वरच्या शेतकऱ्याची माती आणि खालच्या माणसाचा उंबरा दोन्ही राखत असेल, तर त्याला हौस म्हणणं अन्याय आहे.

उलट, नुसता गाळ उपसण्यासाठी मागितलेलं अनुदान नाकारावं. उपसणं हा ताबडतोब दिसणारा इलाज आहे. यंत्रं येतात, बातमी होते, दोन वर्षांनी पाण्यात आभाळ दिसायला लागतं, आणि वरच्या शेतातून पहिल्याच वळवात माती सुटते. उपसण्याची गरज कुठेच नाही, असं मी म्हणत नाही. ब्लेनमच्या क्वीन पूल या तळ्यासारख्या ठिकाणी पाणी इतकं उथळ झालं होतं की उपसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण अर्जासोबत वरच्या खोऱ्याचा आराखडा आणि तिथल्या शेतकऱ्यांशी झालेले करार जोडलेले असलेच पाहिजेत.

बांधांच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे इंजिनिअरच्या बाजूचा आहे. ब्राउनने बांध झाडांत लपवला. इंजिनिअर म्हणतो झाडं काढा, मुळांच्या वाटेने पाणी शिरतं, वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन जातं. बागप्रेमी यावर कळवळतात. पण वेल्समधल्या डोलगारोगला १९२५मध्ये धरण फुटून सोळा माणसं गेली, त्यानंतर धरणांच्या सुरक्षिततेचा १९३०चा कायदा आला, आणि आज १९७५च्या कायद्याने इंग्लंडमध्ये जमिनीच्या पातळीच्या वर २५,००० घनमीटरहून जास्त पाणी अडवणाऱ्या, फुटला तर माणसांच्या जिवाला धोका होईल अशा बांधांवर तज्ज्ञ इंजिनिअरची देखरेख असते. २०१९मध्ये डर्बीशरमध्ये टॉडब्रुकचा सांडवा खचला आणि खालच्या गावातल्या सुमारे दीड हजार लोकांना घरं सोडावी लागली. ते कालव्यासाठी बांधलेलं धरण होतं, शोभेचं नव्हे, पण मातीचा बांध आपल्याला कशासाठी बांधलंय हे बघून फुटत नाही. हॅम्पस्टेड हीथच्या तळ्यांचे बांध उंचावण्याला स्थानिक रहिवाशांनी कोर्टापर्यंत विरोध केला, तो मला पटला नव्हता. बांधावरची झाडी गेली आणि बांध उघडा दिसला तर दिसू दे. ज्यांची घरं त्या बांधाच्या खाली आहेत त्यांना तो दिसायलाच हवा.

मार्च २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने बांधकाम परवानग्यांची प्रक्रिया वेगवान करण्यासाठी गार्डन्स ट्रस्ट या ऐतिहासिक बागांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, ज्यांचा सल्ला घेणं कायद्याने बंधनकारक आहे अशा संस्थांच्या यादीतून वगळण्याचा विचार जाहीर केला. ऐतिहासिक बागांच्या नोंदवहीत सोळाशेहून अधिक जागा आहेत, पण नोंद झाल्याने बागेला इमारतीसारखं वेगळं परवानगीचं कवच मिळत नाही. परवानगी देताना या संस्थेला विचारावं लागतं, हा एक महत्त्वाचा आडोसा. तोही काढला तर पहिला फटका बागेला बसणार नाही, तिच्या वरच्या उताराला बसेल. तिथे घरं, रस्ते, वाहनतळ होतील, पावसाचं पाणी मुरण्याऐवजी गटारातून धावेल आणि थेट तळ्यात उतरेल. घरांची टंचाई खरी आहे, घरं बांधलीच पाहिजेत. पण पाणलोटाच्या कोणत्या भागात बांधायची हे विचारणारं एक तरी माणूस त्या टेबलावर असावं. ते काढण्याऐवजी त्याचा अधिकार बागेच्या हद्दीपलीकडे, ओढ्याच्या उगमापर्यंत वाढवावा, अशी माझी सूचना आहे.

आणि मुदतीचं काय? असे प्रकल्प चार-पाच वर्षांचे असतात. झाडाला सावली धरायला त्याहून जास्त काळ लागतो. निधी संपला की शेतकऱ्याला पुन्हा बाजारभावाकडे बघून ठरवावं लागतं, की नदीकाठची ती पट्टी पडीक ठेवायची की नांगराखाली घ्यायची. वर्षाला ठरलेली रक्कम, निदान वीस वर्षांचा करार, आणि जमीन मुलाच्या नावे झाली तरी तो चालू राहील अशी तरतूद. स्केलच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यासमोर एवढं ठेवता आलं, तर पुढची अनुदानं कशी द्यायची याचा नमुना इतर बागांनाही मिळेल.